मोरोक्को: कुठे जायचं, किती दिवस ठेवायचे आणि काय सोडून द्यायचं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मोरोक्कोचं तिकीट काढण्याआधी आणि काढल्यानंतर लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, किचकट नंतर. तेच तेच दोनदा सांगायला नको म्हणून अधूनमधून दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. व्हिसाचे नियम, चलनाचे दर आणि वेळापत्रकं बदलत राहतात, ती निघण्यापूर्वी एकदा पाहून घ्या.

१. पहिल्यांदाच जातोय. मोरोक्कोत बघण्यासारखं नेमकं काय आहे?

ढोबळमानाने चार गोष्टी. एक, जुनी तटबंदीची शहरं, म्हणजे मदिना: फेस, मराकेश, मेक्नेस, रबात. दोन, ॲटलसचे डोंगर. त्यातलं तुबकाल हे ४,१६७ मीटरचं शिखर उत्तर आफ्रिकेतलं सर्वांत उंच. तीन, डोंगरापलीकडचं वाळवंट आणि वाटेतले मातीचे गढीवजा वाडे. चार, समुद्र: पश्चिमेला अटलांटिक, उत्तरेला भूमध्य.

राजधानी रबात आहे, कासाब्लांका नव्हे. हा गोंधळ इतका होतो की इथेच सांगून टाकलेलं बरं.

२. आमच्याकडे आठ दिवस आहेत. सगळं होईल ना?

नाही. नकाशावर हा देश आटोपशीर दिसतो, पण मराकेश ते मेरझुगा हा वाळवंटाचा रस्ता सुमारे साडेपाचशे किलोमीटरचा आहे. मधे ॲटलसचा घाट लागतो आणि न थांबताही नऊ-दहा तास जातात. आठ दिवसांत 'सगळं' बसवणाऱ्या सहलींचे निम्मे दिवस बसच्या खिडकीतून बघण्यात जातात.

आठ दिवसांत एकच भाग घ्या. उत्तर निवडली तर कासाब्लांका, रबात, फेस, शेफशावन आणि तांजियर. दक्षिण निवडली तर मराकेश, ॲटलसमधलं एखादं गाव आणि एसाविरा. वाळवंट हवंच असेल तर किमान दहा, खरं तर बारा दिवस काढा. मग मराकेशला उतरून डोंगर ओलांडायचा, मेरझुगाला दोन रात्री राहायचं, तिथून थेट उत्तरेला फेस गाठायचं आणि कासाब्लांकाहून परतायचं. येण्या-जाण्याची विमानतळं वेगळी ठेवली की आल्या रस्त्याने परत जावं लागत नाही. तिकिटात फार फरक पडत नाही आणि एक अख्खा दिवस वाचतो.

३. कोणत्या महिन्यात जावं? दिवाळीची सुट्टी चालेल का?

दिवाळीची सुट्टी उत्तम. मार्चअखेर ते मे आणि मध्य सप्टेंबर ते नोव्हेंबर हे दोन काळ सर्वांत चांगले. आपली मे महिन्याची सुट्टी उत्तरेत छान जाते, पण वाळवंटात तोवर ऊन चढलेलं असतं. मेमध्येच दादेस खोऱ्यातल्या केलात मगुना गावात गुलाबांचा उत्सव भरतो. त्या वाटेने जाणार असाल तर तारीख जुळवा.

जुलै-ऑगस्टमध्ये मराकेशचा पारा चाळिशी ओलांडतो. डिसेंबर-जानेवारीत दिवस प्रसन्न असतात, पण वाळवंटातली रात्र शून्याजवळ उतरते आणि बर्फ पडला तर मराकेश-वारझाझात मार्गावरचा तिझी न तिश्का घाट (२,२६० मीटर) कधी कधी बंद होतो. रमजानसाठी प्रश्न १२ पाहा.

४. व्हिसा कसा मिळतो?

भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो. २०२२ पासून ई-व्हिसाची सोय आहे आणि अर्ज 'अॅक्सेस मारोक' या सरकारी पोर्टलवर करायचा असतो. अमेरिका, ब्रिटन किंवा शेंगेनचा चालू व्हिसा असणाऱ्यांचा गट वेगळा आहे आणि त्यांचं काम सोपं होतं. आपण कोणत्या गटात बसतो ते पोर्टलवरच तपासा, एजंटच्या तोंडी भरवशावर राहू नका. ई-व्हिसावर एकदाच प्रवेश मिळतो. ही बारीकशी वाटणारी अट प्रश्न १४ मध्ये मोठी होते.

५. मराकेश की फेस? एकच शहर जमणार आहे.

फेस. बरेच जण याच्या उलट सांगतील, कारण मराकेश पटकन आवडतं: जमा अल फना चौकातली संध्याकाळ, गोष्टी सांगणारे, वादक, धुराने भरलेले खाण्याचे ठेले, मागे कुतुबिया मशिदीचा ७७ मीटरचा मिनार. बाहिया राजवाडा आणि बेन युसुफ मदरसा खरोखर देखणे आहेत. मजोरेल बागेची तिकिटं आधी ऑनलाइन काढावी लागतात, दारात जाऊन उपयोग नाही. ही बाग चित्रकार जाक मजोरेलने वाढवली आणि १९८० मध्ये फॅशन डिझायनर इव्ह सां लोरां आणि पिएर बेर्झे यांनी विकत घेऊन वाचवली. पण मराकेशचा मध्यभाग आता बराचसा पर्यटकांसाठी चालतो.

फेस अजून स्वतःसाठी चालतं. नवव्या शतकाच्या सुरुवातीपासून वसलेल्या या मदिनात मोटार शिरत नाही, माल गाढवं आणि खेचरं वाहतात. मागून 'बलाक, बलाक!' अशी आरोळी आली की भिंतीला चिकटायचं, कारण गॅस सिलिंडर लादलेलं खेचर थांबत नसतं. तांबटांच्या चौकात दिवसभर ठोकाठोक चालू असते. फातिमा अल-फिहरी या बाईंनी ८५९ मध्ये स्थापन केलेली अल-कारावियिन मशीद आणि विद्यापीठ इथेच आहे. जगातलं सर्वांत जुनं, अजून चालू असलेलं विद्यापीठ म्हणून त्याचं नाव घेतात.

६. फेसच्या गल्ल्यांत हरवायला होतं म्हणतात. गाईड घ्यावाच का?

पहिल्या अर्ध्या दिवसासाठी घ्या, तोही सरकारी ओळखपत्र असलेला आणि शक्यतो तुमच्या रियादमधून ठरवलेला. (रियाद म्हणजे मधे चौक आणि भोवती खोल्या असलेलं जुनं घर. अशी बरीच घरं आता मुक्कामाला मिळतात.) दुसऱ्या दिवशी एकट्याने फिरा. मुख्य वाटा दोनच, तलाआ कबीरा आणि तलाआ सगीरा. दोन्ही निळ्या बाब बू जलूद दरवाजापासून उताराला लागतात. वाट चुकली तर चढाच्या दिशेने चालत राहा. फोनवरचा नकाशा अरुंद बोळात भरकटतो.

'पुढचा रस्ता बंद आहे, मी दाखवतो' असं सांगत कुणी सोबत चालू लागलं तर रस्ता बंद नसतो. 'ला, शुक्रन' (नको, धन्यवाद) म्हणून चालत राहायचं. वाद घालायचा नाही.

कातडी कमावण्याची शुआरा ही जागा आजूबाजूच्या चामड्याच्या दुकानांच्या गच्चीवरून दिसते. दारात पुदिन्याची काडी हातात देतात, ती नाकाशी धरायची. खाली दगडी हौद असतात. पांढऱ्या हौदांत चुना आणि कबुतरांची विष्ठा, त्यात कातडी मऊ होतात. रंगीत हौदांत माणसं मांडीपर्यंत उतरून ती तुडवत असतात. बघणं फुकट म्हणतात, पण निघताना दुकानातून चक्कर मारावीच लागते. घ्यायचं नसेल तर दहा-वीस दिरहाम (इथलं चलन) देऊन मोकळे व्हा. शुक्रवारी दुपारनंतर मदिनातली बरीच दुकानं बंद असतात, त्यामुळे फेसचा एकुलता एक दिवस शुक्रवारी ठेवू नका.

७. वाळवंट: मेरझुगा, झागोरा की अगाफाय? तिन्हींची जाहिरात सारखीच दिसते.

जाहिरातीतला फोटो बहुधा मेरझुगाचाच असतो. तिथल्या एर्ग शेब्बीमध्ये (एर्ग म्हणजे वाळूच्या टेकड्यांचा पट्टा) दीडशे मीटरपर्यंत उंच, नारिंगी वाळूच्या टेकड्या आहेत. झागोरा मराकेशहून सुमारे ३६० किलोमीटरवर आहे, म्हणून 'दोन दिवसांत वाळवंट' या सहली तिथे नेतात. पण गावाजवळ वाळूपेक्षा खडकाळ माळच जास्त. झागोराच्याही पुढे, मुहामिद गावापलीकडे एर्ग शिगागा नावाचं मोठं, शांत वाळवंट आहे. तिथे फोर बाय फोर गाडीशिवाय पोचता येत नाही. अगाफाय मराकेशपासून तासाभरावर आहे आणि तिथे वाळूच्या टेकड्या मुळीच नाहीत. ते दगडी पठार आहे. जेवण, सूर्यास्त, मागे ॲटलस एवढंच हवं असेल तर ठीक, सहारा म्हणून पैसे मोजू नका.

मेरझुगाला एक रात्र राहून परत फिरणं म्हणजे पाण्यापर्यंत जाऊन पाय न बुडवणं. दोन रात्री ठेवा. मधल्या दिवशी खमलिया गावात गनावा (सहाराच्या दक्षिणेकडून आणलेल्या लोकांच्या वंशजांचं) संगीत ऐका आणि बाजाराचा वार (मंगळवार, गुरुवार, रविवार) असेल तर रिसानीचा बाजार बघा. उंटावर बसायचं नसेल तर छावणीपर्यंत गाडीने नेतात, तसं आधी कळवा.

८. त्या लांबच्या रस्त्यावर बघण्यासारखं काही आहे, की नुसता प्रवास?

रस्ता हेच अर्धं मोरोक्को आहे. ऐत बेनहद्दू हे मातीचं तटबंद गाव १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहे. शक्य असेल तर तिथेच रात्र काढा. दिवसाच्या बस निघून गेल्या की संध्याकाळी नदीपलीकडून भिंतींचा रंग बदलताना दिसतो. वारझाझातला चित्रपटांचे स्टुडिओ आहेत. सिनेमाचं वेड नसेल तर ते गाळा. टोडगाच्या घळीत दोन्ही बाजूंना उभे कडे आणि तळाशी पाणी, तिथे तासभर चाला. मेरझुगाहून फेसला जाताना झीझ नदीचं खजुरांनी भरलेलं खोरं आणि अझरूजवळचं देवदारांचं जंगल लागतं. जंगलात बिनशेपटीची माकडं असतात. त्यांना खाऊ घालू नका, ती जमात धोक्यात आहे.

९. शेफशावन नुसतं फोटोपुरतं आहे का?

थोडंफार. १४७१ मध्ये वसलेलं, रिफ डोंगरातलं हे निळं गाव सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सुंदर असतं, मधल्या वेळात फोटोंची रांग लागते. एक रात्र पुरे. रेल्वे जात नाही, फेसहून बसने चार तास. रिफमध्ये गांजा पिकतो आणि रस्त्यात 'किफ' हवा का असं कुणीतरी विचारेलच. तो घेणं-बाळगणं गुन्हा आहे, हसून पुढे चला.

१०. बिगर-मुस्लिमांना मशिदीत जाता येतं का?

बहुतेक मशिदींत नाही. ही प्रथा फ्रेंच अमलातल्या ल्योते या अधिकाऱ्याच्या हुकमापासूनची, आणि पुढे तशीच राहिली. मोठा अपवाद कासाब्लांकाची हसन दुसरा मशीद. ती १९९३ मध्ये पूर्ण झाली, मिनार सुमारे २०० मीटर उंच आणि इमारतीचा काही भाग थेट समुद्रावर बांधलेला. ठरलेल्या वेळी तिकीट काढून गाईडसोबत आत जाता येतं. शुक्रवारी वेळा कमी असतात. खरं सांगायचं तर कासाब्लांकात थांबण्याचं हे एकच सबळ कारण आहे. सकाळची फेरी करा आणि दुपारच्या गाडीने निघा.

जुने मदरसे सर्वांना खुले आहेत आणि झेलिजची (रंगीत तुकडे जुळवलेली) फरशी, कोरीव गिलावा आणि देवदाराचं लाकूडकाम तिथे अगदी जवळून बघता येतं. फेसचा बू इनानिया त्यात पहिला. रबातमध्ये पाचव्या मोहम्मदची समाधी आणि शेजारचा अर्धवट राहिलेला हसन मनोराही बघता येतो.

११. आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत. उपाशी राहायची वेळ येईल का?

उपाशी नाही, पण चौकशी करत राहावं लागेल. भाज्यांचं ताजीन (मातीच्या भांड्यात मंद शिजवलेला रस्सा) सगळीकडे मिळतं, मात्र ते बऱ्याचदा मांसाच्या रश्श्यात शिजवतात, किंवा मांसाच्याच ताजीनमधले तुकडे काढून वाढतात. 'ब्ला ल्हम, ब्ला दजाज' (मांस नको, कोंबडी नको) असं दोन्ही सांगा, नुसतं 'मांस नको' म्हटलं तर कोंबडी येऊ शकते. हरीरा सूपमध्येही अनेकदा मांस असतं.

निर्धास्त खाता येतील असे पदार्थ: वाळलेल्या बाकल्याच्या डाळीचं बिसारा सूप, वर ऑलिव्ह तेल आणि जिरं. झालुक, म्हणजे टोमॅटो घातलेलं आपलं वांग्याचं भरीतच. सकाळी घड्या घातलेली मसेमन पोळी मधाबरोबर, जाळीदार बघरीर, आणि खोब्झ पाव कुठेही. लुबिया, म्हणजे पांढऱ्या घेवड्याचा रस्सा, बिनमांसाचा आहे का ते विचारून घ्या. कुसकुस (रव्याचे वाफवलेले दाणे) शुक्रवारी खा, घरोघरी तोच त्याचा वार. जैन मंडळींनी कांदा-लसणाची अडचण आधीच रियादला लिहून कळवावी, बाहेर ते समजावणं जवळपास अशक्य. थेपले आणि मेतकूट बॅगेत असू द्या.

योगायोग बघा, मराठी शाकाहाराची एक जुनी नोंद मोरोक्कोच्याच माणसाची आहे. १३०४ मध्ये तांजियरला जन्मलेला प्रवासी इब्न बतूता मोहम्मद तुघलकाच्या दिल्लीत काझी होता आणि १३४२ मध्ये तुघलकाचा दूत म्हणून चीनकडे निघाला. वाटेत तो दौलताबाद आणि नंदुरबारवरून गेला. तिथल्या मराठ्यांचं खाणं भात, भाज्या आणि तिळाचं तेल, आणि प्राण्यांना इजा करणं त्यांना आवडत नाही, असं त्याने सांगून ठेवलंय. दौलताबादच्या तुरुंगातले उंदीर मांजरापेक्षा मोठे असल्याचंही. तांजियरच्या मदिनात त्याच्या नावाची छोटीशी कबर दाखवतात, विमानतळालाही त्याचंच नाव आहे.

१२. तारखा रमजानमध्ये येतायत. रद्द करू?

रद्द नको, अपेक्षा बदला. दिवसा लहान गावांत खायला मिळणं कठीण, सूर्यास्ताला तासभर टॅक्सीसुद्धा नाही, आणि मग रात्री उशिरापर्यंत सगळं शहर रस्त्यावर. चारचौघांत दिवसा खाणं-पिणं टाळा. घड्याळाचीही गंमत आहे: मोरोक्को वर्षभर आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, रमजानमध्ये घड्याळ आणखी एक तास मागे घेतात. त्या बदलाच्या रविवारी विमान किंवा गाडी असेल तर वेळ पुन्हा पुन्हा तपासा. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो.

१३. फिरायचं कशाने? गाडी भाड्याने घ्यावी का?

तांजियर, रबात, कासाब्लांका, मेक्नेस, फेस आणि मराकेश रेल्वेने. तांजियर-कासाब्लांका अल बोराक ही आफ्रिकेतली पहिली अतिवेगवान रेल्वे २०१८ पासून धावते, सव्वादोन तासांच्या आत पोचवते. मराकेशच्या दक्षिणेला रूळच नाहीत. तिथे सीटीएम किंवा सुप्रातूरची बस, नाहीतर गाडी.

शहरात छोटी 'पेटी टॅक्सी' तीनच प्रवासी घेते. चौघांच्या कुटुंबाला दोन कराव्या लागतात, त्यावरून हुज्जत नको. मीटर टाकायला लावा. मराकेशमध्ये ते अनेकदा टाकत नाहीत, तिथे बसण्याआधी भाडं ठरवा. शहराबाहेर जाणारी 'ग्रां टॅक्सी' सहा प्रवासी भरल्याशिवाय हलत नाही. घाई असेल तर रिकाम्या जागांचे पैसे भरायचे.

स्वतः चालवायची तर दक्षिणेत चालवा, शहरात नाही. उजवीकडून वाहतूक, आणि गावांच्या वेशीवर वेग तपासणारे पोलीस हमखास.

१४. स्पेन जोडून करता येईल का? आणि अल्जीरिया?

तांजियर शहराच्या बंदरातून स्पेनमधल्या तारिफाला बोट तासाभरात पोचते. शेंगेन व्हिसा हवा, आणि मोरोक्कोत परत यायचं असेल तर इथला एकदाच प्रवेश देणारा व्हिसा चालणार नाही. म्हणून स्पेन शेवटी ठेवा.

फसगत होते ती सेउता आणि मेलियामुळे. नकाशावर ही शहरं मोरोक्कोच्या किनाऱ्यावर आहेत, पण ती स्पेनची. 'जरा बघून येऊ' म्हणून सीमा ओलांडलीत तर मोरोक्कोचा प्रवेश तिथेच संपतो.

अल्जीरियाची जमिनीवरची सीमा १९९४ पासून बंद आहे. मेरझुगाहून ती जवळच आहे, पण तिकडे गाडी नेण्याचा विचारही करू नका.

१५. २०२३ च्या भूकंपानंतर मराकेशला जाणं ठीक आहे का?

हो. ८ सप्टेंबर २०२३ च्या भूकंपाने जवळजवळ तीन हजार बळी घेतले, त्यातले बहुतेक मराकेशच्या दक्षिणेकडच्या डोंगरी गावांत. शहरातल्या प्रमुख वास्तू खुल्या आहेत. बाराव्या शतकातली तिनमेल मशीद मात्र फार कोसळली. इमलिल आणि आसपासच्या गावांत पर्यटक जाणं हेच तिथल्या लोकांचं उत्पन्न आहे, त्यामुळे जा. तुबकालला परवानाधारक स्थानिक गाईडशिवाय सोडत नाहीत.

१६. आई-बाबा सत्तरीचे आहेत. झेपेल?

रबात, मराकेश, एसाविरा सपाट आहेत, झेपतील. फेस आणि शेफशावनमध्ये चढ-उतार आणि पायऱ्या फार. रियादला लिफ्ट नसते, म्हणून तळमजल्याची खोली मागून घ्या. गाडी दारापर्यंत येत नाही, सामान हातगाडीवाला नेतो, त्याचे पैसे आधी ठरवा. वाळवंटाचा लांबचा प्रवास तीन टप्प्यांत तोडा किंवा सोडा.

१७. एकटी बाई फिरू शकते का?

फिरतात, पुष्कळ जणी. शेरेबाजी ऐकू येते, विशेषतः मराकेश आणि फेसमध्ये. उत्तर न देता चालणं हाच उपाय. डोकं झाकायची गरज नाही, खांदे आणि गुडघे झाकलेले बरे. सलवार-कुर्ता तिथे अगदी चालून जातो. जमा अल फनात मेंदीवाल्या बायका हात धरून काढायलाच लागतात आणि मग भरमसाट मागतात, तेव्हा हात खिशात. काळ्या मेंदीला तर साफ नकार द्या, त्यात घालतात त्या रसायनाने कातडीवर फोड येतात.

१८. पैसे कसे न्यायचे?

दिरहाम भारतात सहसा मिळत नाही. युरो किंवा डॉलर न्या, नाहीतर तिथे एटीएममधून काढा. एक दिरहाम साधारण नऊ-दहा रुपयांचा. मदिनात रोखच चालते आणि सुट्ट्यांची चणचण कायमची. परतताना दोन हजार दिरहामपेक्षा जास्त देशाबाहेर नेता येत नाहीत, विमानतळावर बदलण्यासाठी आधीच्या पावत्या जपून ठेवा.

घासाघीस करताना आकड्याचं सूत्र कुणी सांगितलं तर विसरा. तुम्हाला ती वस्तू केवढ्याला पटते ते मनाशी धरा, तेवढ्याला मिळाली तर घ्या. किंमत तुम्ही उच्चारलीत आणि त्याने होकार दिला, मग माघार घेणं वाईट दिसतं.

१९. ड्रोन नेऊ का?

नको. विमानतळावर काढून घेतात.

२०. मराकेश, फेस, वाळवंट आधी झालंय. दुसऱ्यांदा कुठे?

एसाविरा राहिलं असेल तर आधी ते: निळ्या बोटींचं बंदर, तोफा लावलेला तट आणि वर्षभर वारा. पोहायला किनारा चांगला नाही, पतंग-सर्फिंगला उत्तम. उत्तरेत मेक्नेसजवळ व्होलुबिलिस ही रोमन नगरी, फरशीवरची मोझाइक चित्रं अजून जागच्या जागी आणि उघड्यावर. तेतुआनच्या मदिनात स्पॅनिश वळण दिसतं, पर्यटक कमी. अल जदिदात पोर्तुगिजांनी बांधलेला कोट आणि पाण्याची भुयारी टाकी आहे. वसई-रेवदंड्याचे कोट पाहिलेल्यांना तिथे ओळखीच्या खुणा सापडतील.

आणि फेब्रुवारी असेल तर तफ्राउत. अँटी-ॲटलसमध्ये गुलाबी खडकांच्या पायथ्याशी बदामाची झाडं फुलतात. तिकडे जाताना तालिविन लागू शकतं, तिथे केशर पिकतं. खात्रीचं केशर तिथल्या सहकारी संस्थेतूनच घ्या, मराकेशच्या बाजारातलं स्वस्त 'केशर' बहुधा करडईच्या पाकळ्या असतात. तफ्राउतला बस कमी आहेत, अगादीरहून गाडी घेतलीत तर वाटेत हवं तिथे थांबता येतं.